पावसाळ्यात शिवार फिरल्याशिवाय रेघ ओढू नकोस

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ग्रामसभेत तू पडद्यावर आराखडा दाखवलास आणि लोकांनी त्याकडे न पाहता स्मशानभूमीच्या वाटेचा विषय काढला, म्हणून तू गोंधळली आहेस. लोकांना नियोजन समजत नाही, असे तू लिहितेस. हे वाक्य मला टोचले, कारण तुझ्या वयात मीही हेच म्हणत असे. ती वाट कोणाच्या बांधावरून जाते आणि पावसाळ्यात कुठे तुटते, हे तू पाहिले आहेस का? नसेल, तर त्या सभेत लोक नियोजनाबद्दलच बोलत होते आणि ते तुझ्या ध्यानात आले नाही.

पावसाळ्यात शिवार फिरल्याशिवाय रेघ ओढू नकोस.

पुण्याच्या पूर्वेकडे शहर उसाच्या आणि ज्वारीच्या रानांत शिरू लागले होते, तेव्हा तिथल्या एका गावाच्या विकास आराखड्याचे काम माझ्याकडे आले. मी गेलो एप्रिलमध्ये. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य जमीन, म्हणून नोंदलेला एक कोरडा पट्टा दिसला. कोणाचे पीक जाणार नाही आणि भूसंपादनही स्वस्त पडेल, असा हिशेब करून मी त्यावरून 12 मीटरचा रस्ता आखला. 1966 च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे हरकती मागवल्या. सुनावणीला एक वृद्ध शेतकरी आले आणि म्हणाले, "साहेब, तो ओढा आहे. श्रावणात येऊन बघा." मी त्यांच्याकडे लेखी पुरावा मागितला आणि श्रावणात गेलो नाही. आज त्या रस्त्याचा भराव पाणी अडवून धरतो आणि मोठा पाऊस झाला की वरच्या वस्तीत गुडघाभर पाणी शिरते.

मुदत ठरलेली होती, हाताशी एकच आरेखक होता, आणि पोटखराबा म्हणजे मोकळी जमीन हे मला वरिष्ठांनीच शिकवले होते. यातले काहीही खोटे नाही. तरीही त्या गावाला एसटी जात होती आणि मला बोलावणे आले होते.

म्हणून पोटखराब्याच्या नोंदी आधी काढ, विशेषतः वर्ग 'ब' च्या. वहिवाटीचे रस्ते, ओढे आणि तळी त्यांतच दडलेली असतात. गावनकाशा हाती घेऊन कोतवालाबरोबर त्या प्रत्येक जागी चालत जा. गुरे कोणत्या पाणंदीने जातात आणि विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, हे ग्रामसभेआधीच्या महिला सभेत विचार. हरकतींसाठी 30 दिवस मिळतात. ते पेरणीच्या दिवसांत आले, तर शेतकरी तुझ्या कचेरीत येणार नाही. तूच बांधावर जा. उपग्रहचित्र अचूक असते, हे मला सांगू नकोस. ते ज्या दिवशी टिपले, त्या दिवसापुरतेच अचूक असते. पावसाळ्यात शिवार फिरल्याशिवाय रेघ ओढू नकोस, हे मी पुन्हा लिहितो आहे आणि भेटलीस की पुन्हा सांगेन.

नोकरी सोडण्याचा जो विचार तू पत्रात लिहितेस, तो तूर्त बाजूला ठेव. श्रावणात दोन दिवसांची रजा काढून इकडे ये. त्या गावी आपण दोघे जाऊ आणि तो ओढा मी तुला दाखवीन.