आधी संगत, मग ब्रेक

अगं, तुझा मेसेज काल रात्री तीनदा वाचला. रालेच्या त्या ब्लूग्रास जॅममधे, म्हणजे अमेरिकन लोकसंगीताच्या त्या बैठकीत, दोन तास उभी राहूनही कुणी ब्रेक, म्हणजे एकटीने वाजवायची पाळी, दिला नाही, म्हणून तुला वाटतंय की दहा वर्षांचं हिंदुस्थानी व्हायोलिन इथे फुकट गेलं, स्क्रोल, म्हणजे व्हायोलिनचं टोक, पायावर टेकवून वाजवणारीने फिडलच्या, इथल्या ढंगाच्या व्हायोलिनच्या, फंदात पडूच नये वगैरे. छे! तुझ्या मींडेने, स्वरावरून स्वरावर घसरण्याने, कुणाचं काही अडलेलं नाही. ब्रेक सोडून उरलेला वेळ तू काय करत होतीस ते सांग. संगत केलीस का?

बॅकग्राउंडचं रडगाणं तर नकोच. आमच्या जुन्या बँडमधे बँजोवाला चर्चमधे गात वाढलेला, बेसवाली शाळेच्या जॅझ बँडमधली, गिटारवाला आधी रॉकवाला, आणि मँडोलिनवर मी, मूळचा पुण्यातला तबलजी. खुद्द ब्लूग्रासचा जनक बिल मन्रो, त्याच्या वाट्याला मँडोलिन आलं कारण फिडल आणि गिटार मोठ्या भावांनी आधीच पळवलेलं, आणि तो शिकला कुणाकडून, तर फिडल वाजवणाऱ्या पेनमामाकडून आणि अर्नोल्ड शुल्ट्झ या काळ्या ब्लूज वादकाकडून. शुद्ध कोण आहे यात, सांग!

मी काय केलं ते ऐक. ब्लूग्रासमधे सहसा ड्रम नसतो, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मँडोलिनचा चॉप, म्हणजे लगेच बंद केलेला तुटक ठोका, हाच ठेका. पण मला ठेका कमीपणाचा वाटायचा. गाणारा श्वास घ्यायला थांबला की मी तिथे घुसणार, ब्रेक मिळाला की तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, मग समेवर मी एकटाच. बँजोवाला एकदा म्हणाला, मी काय वाजवतो ते तुला कधी ऐकू येतं का रे? पुढे एका फेस्टिवलला मला घेतलं नाही तेव्हा मी बँड सोडला. आता तिहाई मोजता येत नव्हती हा त्यांचाही दोष होताच, ते सोड. पण तबल्यावर संगत शिकलेला माणूस मी, आणि इथे तीच विसरलो.

१९४६-४७ ची मन्रोची रेकॉर्डिंग्ज लाव. त्यात बँजोवर अर्ल स्क्रग्ज, आपल्या नॉर्थ कॅरोलायनाचाच. त्याच्या तीन बोटांच्या रोलचं, त्या सलग छेडण्याचं, कौतुक सगळेच करतात, तू लेस्टर फ्लॅट गात असताना तो मागे काय करतो ते ऐक. आणि बँजोवाल्या बेला फ्लेकचं उदाहरण मला देऊ नकोस, झाकीर हुसेन, राकेश चौरसियांबरोबर वाजवताना तो किती वेळ मागे असायचा ते मोजलंस का? संगत गं, संगत!

मन्रोची बरीच गाणी बी मधे, म्हणजे आपली पांढरी सात. बँजो-गिटारवाले कापो, म्हणजे पट्टी बदलायचा चिमटा, लावून मोकळे होतात, फिडलला ती सोय नाही, आणि सा-प-सा-प लावून दर गाण्याला खुंट्या पिळत बसायला वेळ कुणाला आहे. फिडलच्या नेहमीच्या जी-डी-ए-ई मधे तारा लाव आणि बोटं बसव, कुरकुर न करता.

मंगळवारी गॅरेजमधे ये. पहिली तीन गाणी गजाच्या मुठीजवळ नुसता चॉप, माझ्या चॉपवर. चौथ्याला गाणाऱ्याच्या खाली एक लांब स्वर धर, ओळ संपली की मींड घे हवी तर, पण बँजो तिथे शिरला तर गप्प बस. आणि मीच मधे घुसलो तर पाय दे माझ्या पायावर, अजून सवय गेलेली नाही.