अनुदान तीन वर्षांचे, पैदास उंदरांच्या गतीने

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून पुण्यातील एका संशोधन संस्थेत प्रकल्प समन्वयक म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. आमच्या प्रकल्पाला केंद्र सरकारच्या एका विभागाचे तीन वर्षांचे अनुदान असून त्यात एक जनुक केवळ मूत्रपिंडात बंद केलेले उंदीर वापरायचे आहेत. पहिले वर्ष संपत आले आहे. उंदीरगृहाचे बिल वाढते आहे, पण अहवालात लिहिण्याजोगा निष्कर्ष नाही. विचारले की ‘पैदास चालू आहे’ एवढेच उत्तर मिळते. काही चुकते आहे का, आणि मी नेमके काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर टाळाटाळीचे असेलच असे नाही, पण ते अपुरे निश्चित आहे. अशा प्रकल्पासाठी दोन वाणांचे उंदीर लागतात. एका वाणात त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना ‘लॉक्स-पी’ नावाच्या खुणा घातलेल्या असतात, तर दुसऱ्या वाणात ठरावीक अवयवातच तयार होणारे ‘क्रे’ हे विकर (एन्झाइम) असते. दोन्ही एकाच उंदरात आले म्हणजे खुणांमधला भाग त्या अवयवातील पेशींतून कापला जातो. सर्वसाधारण पद्धतीत पहिल्या संकरातून निम्मी पिल्ले क्रे आणि खुणा असलेली एक प्रत घेऊन जन्मतात, आणि त्यांची खुणांच्या मूळ वाणाशी पुन्हा जोडी लावली की चारांतले एक पिल्लू हवे तसे निघते. प्रयोगाला असे 40 उंदीर हवे असतील तर सरासरीने 160 पिल्ले जन्मावी लागतात, आणि एका वेताला सहा-सात पिल्ले धरली तर ही पंचवीसेक वेते होतात.

आता यात काळ मिळवा. गर्भकाळ 19 ते 21 दिवस, दूध तोडायला साधारण 21 दिवस आणि पिल्लू पैदाशीच्या वयात यायला सहा ते आठ आठवडे. म्हणजे एक पिढी पुढे सरकायला दहा-अकरा आठवडे लागतात. आलेल्या मोजक्या जोड्यांपासून संख्या वाढवण्यासाठी एक पिढी आणि संकराच्या दोन पिढ्या धरल्या, तर सगळे सुरळीत होऊनही आठ महिने जातात. उंदीर परदेशातून आणले असतील तर परवानग्या आणि विलगीकरणाचा काळ याहून वेगळा. त्यामुळे पहिल्या वर्षी निष्कर्ष नसणे स्वाभाविक आहे; आक्षेपार्ह आहे ते मूळ प्रस्तावातल्या कालपत्रकात हे आठ महिने न दाखवणे, आणि तसे घडले असेल तर विभागाला आताच स्पष्ट लिहिलेले चांगले. अहवालात ‘पैदास चालू आहे’ असे मोघम न लिहिता किती जोड्या लावल्या, किती पिल्ले जन्मली, किती पिल्लांचे जीनोटायपिंग, म्हणजे कोणत्या पिल्लात जनुकाचा कोणता प्रकार आला हे ओळखण्याची चाचणी, झाले, त्यांतली किती हव्या त्या जनुकप्रकाराची निघाली आणि अपेक्षित प्रमाण किती होते, हे कोष्टकात द्यावे. चारांत एक अपेक्षित असताना विसांत एकच मिळत असेल, तर तीही शास्त्रीय माहितीच आहे, आणि ती दडवणे योग्य नाही.

खर्चाकडे वळायचे तर बिल बहुधा पिंजऱ्यांच्या संख्येवर आणि दिवसांवर येते. उंदीरगृहाच्या पर्यवेक्षकांबरोबर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष फिरा आणि प्रत्येक पिंजऱ्यावरचे कार्ड वाचा. पैदाशीचे वय उलटलेल्या जोड्या, जीनोटायपिंगचा निकाल येऊनही तसेच ठेवलेले नको असलेल्या जनुकप्रकाराचे उंदीर, कोणाचे ते कार्डावरून कळत नाही असे पिंजरे, यांची यादी करून ती प्रमुख शास्त्रज्ञांपुढे ठेवावी. काय ठेवायचे याचा निर्णय मात्र त्यांचाच. जन्मणाऱ्या उंदरांची संख्या संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीने मंजूर केलेल्या संख्येत बसते आहे ना, हेही त्याच फेरीत तपासता येईल. जीव जन्माला घालून तो वापरायचाच नाही, हे पैशांच्या हिशेबापेक्षाही अधिक खटकायला हवे.

खरेदीच्या कागदांत वाणाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत पाहावे. ‘सी57ब्लॅक/6’ हा वाण प्रयोगशाळांत सर्रास वापरला जातो, पण त्याचे ‘जे’ आणि ‘एन’ हे उपवाण एकसारखे नाहीत : ‘जे’मध्ये पेशींच्या ऊर्जाव्यवहाराशी संबंधित ‘एनएनटी’ हे जनुक बिघडलेले असते, तर ‘एन’मध्ये डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करणारा ‘आरडी8’ हा दोष असतो. हे दोन उपवाण नकळत मिसळले तर दिसणारा फरक नेमक्या कोणत्या जनुकामुळे आहे हे सांगता येत नाही, आणि परीक्षक तेवढ्यावरून प्रबंध परत पाठवू शकतात. याच कारणाने तुलनेसाठीचे उंदीर त्याच वेतातले असावेत, हा आग्रह धरावा.

पुढच्या प्रस्तावाच्या वेळी आंतरराष्ट्रीय उंदीर फीनोटायपिंग संघाची, म्हणजे आयएमपीसीची, खुली माहिती आधी पाहावी. 2011 साली सुरू झालेला हा संघ एकेक जनुक बंद करून उंदरांवरील परिणाम नोंदवतो. त्याच्या 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1,751 जनुकांपैकी 410 जनुके अशी निघाली, की ती पूर्ण बंद केली तर पिल्ले जगतच नाहीत. आपले जनुक त्यांत असेल तर संपूर्ण शरीरात ते बंद केलेले उंदीर मागवण्यात पैसे घालणे व्यर्थ आहे.

शेवटी, शुक्राणू किंवा भ्रूण गोठवून ठेवण्याचा खर्च अंदाजपत्रकात नसेल तर तो आताच घालून घ्यावा. अमेरिकेतील बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेला ऑक्टोबर 1947 मध्ये वणव्याची आग लागून जवळजवळ सगळे उंदीर मेले, आणि पूर्वी इतर प्रयोगशाळांना पाठवलेल्या उंदरांचे वंशज परत आल्यामुळेच अनेक वाण पुन्हा उभे करता आले. तेव्हा गोठवण्याची सोय नव्हती. उंदरांचे भ्रूण गोठवून त्यांपासून जिवंत पिल्ले मिळवणे 1972 साली साधले. आपल्याकडे वातानुकूलन एक रात्र बंद पडले किंवा संसर्ग शिरला तरी आठ महिन्यांचे काम जाऊ शकते. या खर्चासाठी एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात रक्कम वळवावी लागली, तर विभागाची लेखी पूर्वपरवानगी 31 मार्चच्या पुरेशी आधी मागावी, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र देताना लेखा विभागाशी वाद होणार नाही.