युरोपची शिसेबंदी आणि चिंचोळीतील पुरवठादाराचे अडकलेले बिल

प्रश्न : सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत आमचा पीव्हीसी स्टॅबिलायझर (पीव्हीसी प्लॅस्टिक उष्णतेने खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळायचे रसायन) तयार करण्याचा नोंदणीकृत लघुउद्योग आहे. वापीच्या एका कारखान्याला आम्ही जानेवारी २०२५ मध्ये वन-पॅक (घटक आधीच एकत्र केलेला तयार) स्टॅबिलायझर पुरवला. त्यांनी तो वापरून बागेच्या पाण्याचे होज पाइप बनवले आणि जर्मनीला पाठवले. पाइपमध्ये शिसे जास्त आढळल्याने मे महिन्यात तो माल नाकारला गेला. आता आमचे ७,४०,००० रुपयांचे बिल अडवून परतीचे भाडे व तिकडचा दंड आमच्याकडे मागितला जात आहे. मागील तारखेच्या ‘रीच’ (युरोपचा रसायनविषयक कायदा) घोषणापत्रावर सही केल्यास बिल सोडू, असेही ते म्हणतात. सही करावी काय?

उत्तर : सही करू नये. जानेवारीत अस्तित्वात नसलेले आश्वासन जानेवारीत दिले होते असे दाखवणारा हा कागद आहे. आज आपल्याविरुद्ध जो पुरावा कदाचित नाही, तो आपणच त्यांच्या हाती द्याल, आणि जर्मन ग्राहकाने त्यावर विसंबून व्यवहार केला तर फसवणुकीच्या आरोपात आपलेही नाव येऊ शकेल. हक्काचे पैसे अडवून लहान कारखानदाराकडून असा कागद लिहून घेणे मला अत्यंत अन्यायाचे वाटते.

युरोपीय संघाचा ‘रीच’ कायदा, म्हणजे २००६ चा नियम क्रमांक १९०७, चिंचोळीतील उत्पादकावर थेट बंधन घालत नाही. त्याची बंधने तिथल्या उत्पादकांवर, आयातदारांवर आणि विक्रेत्यांवर आहेत. त्याच कायद्यात २०२३ च्या दुरुस्तीने पीव्हीसीच्या वस्तूंतील शिशावर मर्यादा आली. काही सवलती सोडता, वजनाच्या ०.१ टक्के किंवा त्याहून अधिक शिसे असलेली पीव्हीसीची वस्तू २९ नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या बाजारात आणता येत नाही. आपला माल त्यानंतरचा आहे, त्यामुळे हा नियम आपल्या खरेदीदाराला ठाऊक असायलाच हवा होता. आपली जबाबदारी मात्र आपल्या दोघांतील करारावरून आणि भारतीय कायद्यावरून ठरेल.

येथे आपली एक बाजू कच्ची आहे. खरेदी आदेशात फक्त ‘वन-पॅक, मंजूर नमुन्याप्रमाणे’ असे लिहिले आहे. परंतु आपण जोडलेल्या व्हॉट्सॲप संदेशांत डिसेंबरमध्ये त्यांनी ‘माल युरोपला जाणार आहे, शिसे चालणार नाही’ असे कळवले होते आणि आपण ‘ठीक आहे’ असे उत्तर दिले होते. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, खरेदीदाराने मालाचा विशिष्ट उपयोग सांगितला असेल, तो विक्रेत्याच्या कौशल्यावर विसंबला असेल आणि असा माल पुरवणे हाच विक्रेत्याचा व्यवसाय असेल, तर माल त्या उपयोगास योग्य असण्याची अट करारात गृहीत धरली जाते. तो संदेश पुसून टाकू नका. त्यांच्याकडेही तो आहेच. शिवाय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रासह तो न्यायालयात दाखल होऊ शकतो.

म्हणून खरा प्रश्न उरतो तो शिसे आले कुठून, हा. आपल्या सांगण्यानुसार त्यांच्या मिश्रणात १०० किलो रेझिनला (कच्च्या पीव्हीसीला) ५० किलो प्लॅस्टिसायझर (मऊपणा आणणारे द्रव्य) आणि ३ किलो वन-पॅक पडतो. फिलर (भरीची पूड) धरला नाही तरी एकूण १५३ किलो मिश्रणात ०.१ टक्क्याच्या मर्यादेला पोहोचायला १५३ ग्रॅम शिसे लागते. ते सगळे आपल्या ३ किलोंतूनच आले असे म्हणायचे, तर आपल्या वन-पॅकमध्ये पाच टक्क्यांहून अधिक शिसे असले पाहिजे. मिक्सरमध्ये आधीच्या घाण्याचे थोडे अवशेष राहिल्याने एवढे प्रमाण होणे कठीण दिसते. शिशाचा माल चुकून कॅल्शियम-झिंकच्या, म्हणजे बिनशिशाच्या स्टॅबिलायझरच्या, गोण्यांत भरला गेला असेल, तरच ते शक्य आहे. दुसरीकडे, जुन्या पाइपांचे आणि वायरींचे रिग्राइंड (दळून पुन्हा वापरलेले प्लॅस्टिक) वापरले असेल तर त्यातून शिसे सहज येते, कारण पूर्वी शिशाचे स्टॅबिलायझर सर्रास वापरले जात. आपण राखून ठेवलेला त्या बॅचचा नमुना दोन्ही पक्षांसमक्ष सीलबंद करून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, आणि त्यांनी रिग्राइंड वापरले होते काय, हे लेखी विचारा. चाचणीत शिसे खरोखर निघाले, तर मी आपल्याला तडजोडीचाच सल्ला देईन.

नमुना स्वच्छ निघाला तर बिलाची वसुली तुलनेने सरळ आहे. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा, २००६ नुसार माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोहोचला त्या दिवशीच स्वीकारला असे मानले जाते. त्यांची पहिली हरकत मे महिन्यातली आहे. लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. खरेदी आदेशात ‘वाद वापीच्या न्यायालयातच’ असे छापले असले तरी त्याच कायद्याच्या कलम १८ नुसार पुरवठादार जिथे आहे तिथल्या फॅसिलिटेशन कौन्सिलला (थकीत बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेला) अधिकार आहे, त्यामुळे आपण महाराष्ट्रातच दाद मागू शकता. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे की अशा कार्यवाहीत खरेदीदाराला प्रतिदावाही करता येतो. म्हणजे भाडे आणि दंडाची मागणी ते तिथे मांडतील. त्यावर करार कायद्याच्या कलम ७३ नुसार नैसर्गिकपणे उद्भवणारी किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेली हानीच मिळते, दूरची अप्रत्यक्ष हानी मिळत नाही. ‘युरोपला जाणार’ हा संदेश येथेही आपल्याला अडचणीचा ठरेल. जर्मन ग्राहकाशी त्यांनी ठरवलेल्या दंडाची रक्कम आपल्याला कधी सांगितलीच नव्हती, हे आपल्या बाजूचे आहे.

घोषणापत्राच्या मसुद्यात आणखी दोन गोष्टी मला खटकल्या. त्यात थॅलेट (प्लॅस्टिसायझर म्हणून वापरली जाणारी रसायने) नसल्याची हमी मागितली आहे, पण बाजारात डीओपी म्हणून मिळणारे डीईएचपी किंवा कोणताही प्लॅस्टिसायझर आपण पुरवलेलाच नाही. तसेच ‘अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीतील एकही पदार्थ आता किंवा पुढे असणार नाही’ असे लिहिले आहे. ही यादी साधारणपणे वर्षातून दोनदा वाढते आणि ती अडीचशेच्या घरात गेली आहे. उद्या यादीत येणाऱ्या पदार्थाची हमी आज कोणी देऊ नये. घोषणापत्र द्यायचेच असेल तर आजच्या तारखेचे द्या. त्यात बॅच क्रमांक, चाचणीची तारीख, तपासलेले पदार्थ आणि यादीची तारीख लिहा, आणि जबाबदारी त्या मालाच्या किमतीपुरती मर्यादित ठेवा. अमर्याद नुकसानभरपाईचे कलम पूर्ण खोडा.

आपण अक्कलकोट रोडवरील पाइप कारखान्यांनाही शिशाचा स्टॅबिलायझर देत असाल, तर केंद्राचे पीव्हीसी पाइप व फिटिंगमधील शिशाच्या स्टॅबिलायझरविषयीचे २०२१ चे नियम पाहा. शिशाचा आणि बिनशिशाचा माल वेगवेगळ्या मिक्सरमध्ये तयार करा आणि प्रत्येक बॅचची नोंद व नमुना जपा. वापीला पाठवायच्या पत्रात सध्या तीनच गोष्टी असाव्यात : मागील तारखेच्या सहीला नकार, संयुक्त चाचणीचा प्रस्ताव आणि बिलाची व्याजासह मागणी. ते पत्र स्पीड पोस्टाने आणि ईमेलनेही पाठवा. सोबत व्हॉट्सॲपवर या विषयाची चर्चा सुरू ठेवू नका.