वाचकांचे प्रश्न : त्वचेचं दुखणं फोनवर दाखवायचं की ओपीडी गाठायची?

प्रश्न : यजमानांच्या जांघेत दोन वर्षं गजकर्ण आहे. मेडिकलमधून आणलेलं मलम लावलं की चार दिवसांत खाज थांबते, सोडलं की दुपटीने उलटते. जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला जायचं तर बोटीवर खाडा पडतो. फोनवर भागेल का? (वाचक, देवगड)

उत्तर : पहिली भेट प्रत्यक्षच घ्या, पुढच्या फोनवर चालतील. आधी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर त्यात स्टिरॉइड आहे. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशीला मात्र रान मोकळं होतं. गजकर्णाची लाल, खवलेदार कड त्याने पुसट होते, आणि फोटोवरून ओळखायची मुख्य खूण तीच कड असते. मग कडेचे खवले खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. ते फोनवर कसं होणार?

ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. त्वचेची ओपीडी कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत, हे आधी विचारून मगच कणकवलीची गाडी धरा. त्या दिवशी जांघेत मलम, पावडर, खोबरेल काही नको. आतापर्यंतच्या सगळ्या ट्यूबा न्या, रिकाम्याही. स्टिरॉइड एकदम थांबवलं की काही दिवस लाली भडकते. घाबरून पुन्हा तीच ट्यूब उघडली की दोन वर्षांची तीन होतात. आणि घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांनाही बरोबर घ्या. एकट्याला औषध आणि टॉवेल सगळ्यांचा एक, यात आजार घरातच फिरत राहतो. पावसाळ्यात दमट राहिलेली अंतर्वस्त्रं इस्त्री फिरवून कोरडी करा, शिवणींवर जास्त.

प्रश्न : ई-संजीवनीवर (फोनवरून डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा) डॉक्टर म्हणाले, "फोटोत काही दिसत नाही." फोन तर चांगला आहे. (वाचक, गुहागर)

उत्तर : बहुतेक वेळा घोटाळा फोनचा नसतो, उजेडाचा असतो. पिवळट उजेडात लाली तपकिरी दिसते, आणि फ्लॅशने तेलकट त्वचा चमकते. सकाळी पडवीत किंवा खिडकीशी, उन्हात नव्हे पण उजेडात बसा. लेन्स सुती फडक्याने पुसा, ब्यूटी मोड बंद करा. फोटो दुसऱ्याला काढू द्या.

तीन फोटो पुरेत. पहिला लांबून, म्हणजे पुरळ अंगावर कुठे कुठे आहे ते कळतं. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय एकाच चौकटीत घ्या. दुसरा वीतभर अंतरावरून. तिसरा जवळून, शेजारी शाळेची पट्टी ठेवून, पडद्यावर डागावर बोट टेकवून फोकस झाल्यावर. नाणं नको, रुपयाचा आकार वेळोवेळी बदलला आहे. फोटो साध्या पद्धतीने पाठवला तर व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सेवा मोफत आहे. मोबाइल नंबर, ओटीपी, नाव-वय, राज्य, ओपीडी, मग फोटो आणि जुने कागद चढवले की टोकन मिळतं. घरात रेंज नसेल तर आयुष्मान आरोग्य मंदिर असलेल्या उपकेंद्रात जा. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टरांशी जोडून देतात. आमच्या मते हीच वाट जास्त चांगली. समोर बसलेलं माणूस डाग हाताने चाचपून खरखरीत आहे की गुळगुळीत, गरम की थंड, ते डॉक्टरांना सांगू शकतं.

प्रश्न : काजू फोडताना बोटं काळी पडली, सालपटं निघतात, मनगटावर फोड आले. एवढ्यासाठी जिल्ह्याला जायचं? (वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : नको, हे फोनवर जमतं. काजूच्या टरफलातलं तेल त्वचा जाळतं आणि ॲलर्जीही आणतं. आंब्याच्या चिकाने होणारा त्रासही याच जातीचा. काम कधी सुरू केलं, फोड कितव्या दिवशी आले, एवढं नीट सांगितलंत तर निदान बरंचसं झालंच. तळहात आणि पाठचा हात, दोन्हींचे फोटो द्या. गंमत बघा, इथे डॉक्टर बहुधा स्टिरॉइडचंच मलम लिहून देतील. जांघेत नुकसान करतं ते इथे उपयोगी पडतं, म्हणून शेजारणीची ट्यूब उसनी घेऊ नये. डोळे सुजले किंवा फोडात पू झाला तर मात्र थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : मुलाच्या दंडावर फिकट चट्टा आहे. जंत असतील असं सासूबाई म्हणतात. फोटो पाठवू का? (वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : फोटोवर थांबू नका. जंतांचा संबंध नाही. मुलांच्या गालांवरचे कोरडे फिकट डाग बहुधा निरुपद्रवी असतात, पण दंडावरच्या चट्ट्याची संवेदना तपासायलाच हवी. मुलाला डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक चट्ट्यावर आणि बाजूच्या त्वचेवर आळीपाळीने टेकवायचं. जिथे लागलं तिथे त्याने बोट ठेवायचं. चट्ट्यावर बोट चुकत असेल तर कुष्ठरोगाची शंका घेतात. बोट बरोबर पडलं तरी या आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. निदान झालंच तर बहुविध औषधोपचार (एकाच वेळी एकाहून जास्त औषधं) मोफत मिळतो, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. वेळेत सुरू केला तर बोटं वाकडी होत नाहीत.

प्रश्न : फोनवर मिळालेली चिठ्ठी मेडिकलवाला मानत नाही. (वाचक, दापोली)

उत्तर : २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार ती चालते. तीवर डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक, तारीख आणि सही आहे ना, ते बघा. नुसता "हे मलम लावा" असा मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे, आणि तो नाकारला तर दुकानदाराचं चुकलं नाही.