वही कुणाची?

(पत्र थोडं आखूड केलं आहे. गावाचं नाव आणि मैत्रिणीचं नाव गाळलं आहे.)

प्रिय बाई,

मी सतरा वर्षांची आहे. जांबोटी भागातल्या एका खेड्यातून रोज बसने बेळगावला येते. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला आहे. माझी मैत्रीण बेळगावातल्या वडगावची. तिच्या घरी माग आहेत आणि घरात कन्नड बोलतात. नववीत असताना प्रतिभा कारंजीत, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धेत, आमची ओळख झाली. मी मराठी कविता म्हणायला गेले होते, ती मातीकामाला. तिने केलेला बैल वाळता वाळता मधोमध तडकला, तर ती सगळ्यांसमोर खो खो हसली. मी असते तर रडले असते. डबा खाताना तीच माझ्याशेजारी येऊन बसली.

आमचं तसं काहीच जुळत नाही. मी कमी बोलते, वही-पेन जागच्या जागी ठेवते. तिच्या बोटांना कायम रंग, तास बुडवते, आणि वर्गात बोलली की मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं. एकदा ती मामाबरोबर हुन्नूरला गेली होती. हिडकल धरणाच्या पाण्यात बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, ते बघायला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "देऊळ वर येतंय म्हणजे खाली माणसं पण असतील की गे." तिथून आमचं तळगाव सुरू झालं. दोनशे पानी लांब वही. तळगावचा नकाशा, तिथला बाजार, तिथली भांडणं. ती कन्नडात सांगायची, मी मराठीत लिहून काढायची. चित्रं सगळी तिची. दीड वर्ष आम्ही दुसरं काहीच बोललो नाही म्हटलं तरी चालेल.

दिवाळीआधी मी त्यातला पोस्टमनकाकूचा भाग नीट लिहून एका कथास्पर्धेला पाठवला. माझ्या एकटीच्या नावाने. तिला सांगितलं नाही, नंबर येईल असं वाटलंच नव्हतं. पहिला आला. हजार रुपये मिळाले आणि कथा छापून आली. पोस्टमनकाकू पाण्यात भिजलेली पत्रं मागाच्या ताण्यावर, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांवर, वाळत घालते आणि वाळेपर्यंत सगळी वाचून टाकते, हे परीक्षकांना फार आवडलं. वर्गात कुणीतरी ती कथा मोठ्याने वाचली तेव्हा मैत्रीण तिथेच होती. काही बोलली नाही. दोन दिवसांनी तिने वही माझ्या बाकावर ठेवली. सगळी चित्रं ब्लेडने कापून काढलेली, एकही रेघ वाकडी नाही. चित्रांच्या मागे मी लिहिलेलं होतं, तेही गेलं. आता वही उघडली की पानापानाला चौकोनी खिडक्या.

आई म्हणते, बरं झालं, सुटलीस. तिच्या नादाने दोनदा वस्तीची गाडी चुकवलीस. पोरीपोरींची एवढी मैत्री चांगली नव्हे, लोक काय काय बोलतात.

बाई, शब्द तर सगळे माझेच आहेत. मग मी चोरी केली का? आणि आईचं खरं आहे का? तिच्याशिवाय मला एक ओळ सुचत नाही.

— एक वाचक, खानापूर तालुका

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ब्लेडपाशी थांबले. रागाने पान फाडायला क्षण पुरतो. एकही रेघ वाकडी न जाऊ देता एवढी चित्रं कापायची म्हणजे तिने रात्र काढली असणार, आणि प्रत्येक चित्र पुन्हा बघितलं असणार. तिला तळगाव संपवायचंच असतं तर वही चुलीत गेली असती. ती तुझ्या बाकावर आली आहे.

आधी सोपा प्रश्न. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे दोघांचं काम वेगवेगळं ओळखू येत असेल तर ज्याचं काम त्याचा हक्क. शब्द तुझे, चित्रं तिची. नुसत्या सुचलेल्या कल्पनेवर कायदा कुणालाच हक्क देत नाही. तेव्हा कोर्टात तू बहुधा सुटशील. पण तेवढ्याने तुझं भागणार असतं तर तू मला पत्र लिहिलं नसतंस.

आता एक काम कर. वही घे, पेन्सिल घे आणि उरलेल्या प्रत्येक पानाच्या कडेला लिही, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं. पोस्टमनकाकूपासून सुरुवात कर. भिजलेली पत्रं ताण्यावर वाळत घालायची हे कुणाला सुचलं असेल? तुझ्या घरी माग नाही. ताणा लावलेला माग रोज सकाळी उठून बघणाऱ्या मुलीलाच तिथे पत्रं दिसू शकतात. तुझ्या घरी ती पत्रं दांडीवर वाळत पडली असती, आणि परीक्षकांनी पान उलटलं असतं.

"ती कन्नडात सांगायची, मी मराठीत लिहून काढायची." हे वाक्य तू सहज लिहून पुढे गेलीस, मी तिथेच अडकले. तू काय केलंस ते मला त्या वाक्यात दिसतं. तिचं बोलणं तुझ्या कानातून गेलं, तुझ्या हातातून मराठी होऊन उतरलं, आणि कागदावर तुझं अक्षर बघून तुला वाटलं की ते मुळापासून तुझंच. लबाडीने केलंस असं मी म्हणत नाही. आपल्या या भागात हे फार सहज होतं. बाजारात एका वाक्यात दोन भाषा, घरात एक, शाळेत दुसरी. धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, आणि 1973 साली ज्ञानपीठ मिळालं ते कन्नड कवितेला. इकडचं तिकडे जातं, तिकडचं इकडे येतं, कुणी हिशेब ठेवत नाही. पण नाव छापायची वेळ आली की हिशेब ठेवावा लागतो. दीड वर्ष ती रोज तुझ्या भाषेपर्यंत चालत आली. तू तिच्या भाषेत किती पानं लिहिलीस?

मी हे सगळं ठामपणे बोलते आहे कारण मी तुझ्या मैत्रिणीच्या जागी होते.

1973 साल. आम्ही बेळगावच्या शहापूरला राहायचो, मी सोळा वर्षांची. पलीकडच्या गल्लीत एक कन्नड घर होतं, तिथली मुलगी माझी गेळती. (मैत्रिणीला कन्नडात गेळती म्हणतात, मला तो शब्द आपल्या 'मैत्रिणी'पेक्षा जवळचा वाटतो.) ती गायची. गायची म्हणजे कुठेही, नळावर, रस्त्यात, परीक्षेच्या हॉलबाहेर. मी घुमी. मी गाणी लिहायची आणि ती चाल लावायची. "मी येतो थांब," असं ओरडत जिना चढायची. आपल्याकडे मुलीही मी येतो, मी जातो म्हणतातच, पण तिला तर कुणी सुधारलं तरी पटायचं नाही. कन्नडात 'बर्तीनि' म्हटलं की येतो आणि येते दोन्ही त्यातच.

त्या वर्षी गणपतीत तिने माझं गाणं म्हटलं. निवेदकाने शब्दही तिचेच म्हणून सांगितलं आणि ती गप्प राहिली. टाळ्या पडल्या. मी मांडवातून उठून घरी आले आणि तिच्याशी बोलणं बंद केलं. चार दिवसांनी ती कुंदा, आपली बेळगावची मिठाई, घेऊन आली. पावसाबद्दल बोलली, तिच्या अज्जीच्या गुडघ्याबद्दल बोलली, नव्या चालीबद्दल बोलली. ते एक सोडून सगळं. मी कुंदा घेतला आणि दार लावलं. मी एका वाक्याची वाट बघत होते, पोरी. ते तिला तेव्हा बोलता आलं नाही, आणि मीही तोंड उघडून मागितलं नाही. चार वर्षं गेली त्यात. तिचं लग्न होऊन ती गोकाकला गेली. तिथून एक दिवस आंतर्देशीय पत्र आलं. आत माझं ते गाणं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, मराठी शब्द कन्नड अक्षरांत लिहिलेले, आणि खाली माझं नाव. दुसरा मजकूर नाही. पुढच्या रविवारी मी गोकाकची बस धरली.

त्या चार वर्षांत ती गात राहिली. मी मात्र एक गाणं लिहिलं नाही. म्हणून तुझं "एक ओळ सुचत नाही" मला खोटं वाटत नाही. माझ्या ओळी तिच्या श्वासाच्या मापाने यायच्या, ते माप गेलं आणि गाणं गेलं. ते पुन्हा आलंच नाही, हेही तुला सांगायला हवं. पण त्याच रिकाम्या वर्षांत मी शाळेतल्या मुलांसाठी गोष्टी लिहायला लागले, आणि त्या तिच्या मापाच्या नव्हत्या. तुलाही ती नसताना लिहिता येईल. तळगाव येणार नाही, दुसरं काहीतरी येईल. ती परत येवो न येवो, ते तू लिहायलाच हवंस. नाहीतर तू तिच्याकडे मैत्रीण मागायला जाशील की शाई मागायला, हे तुझं तुलाच कळणार नाही.

तिने मला पुढे एक इलकल साडी दिली. अंग सुती, पदर रेशमी. दोन्हीचे ताणे वेगळे असतात, कोंड्या, म्हणजे धाग्यांचे फासे, घालून एकमेकांत अडकवलेले. उलट्या बाजूने बोट फिरवलं की जोड हाताला लागतो. मला तो जोड आवडतो.

आईबद्दल. बस चुकवण्याबाबत तिचं शंभर टक्के खरं आहे. जांबोटीच्या रस्त्याला, पावसात, अंधारात, मुलगी वस्तीच्या गाडीत नाही हे कळल्यावर आईचं काय झालं असेल याचा विचार कर, आणि पुन्हा चुकवू नकोस. पण "एवढी मैत्री चांगली नव्हे" हे मी मानत नाही. दोन मुलींनी दीड वर्षात एक अख्खं गाव उभं केलं, त्यातली भांडणंसुद्धा लिहून ठेवली. एवढं जीव लावून काम करायला मी माझ्या शाळेत फार थोड्या मुलांना बघितलं, आणि बहुतेक वेळा त्यांच्या शेजारी कुणीतरी दुसरं बसलेलं असायचं. लोक काय बोलतात त्याचं ओझं तू घेऊ नकोस. तुमच्या या जिव्हाळ्याला पुढे काय नाव पडेल, पडेल की नाही, हे आज ठरवायची घाई तुला नको, आईला नको आणि गल्लीला तर मुळीच नको. आईला एकदा ती वही दाखव. खिडक्यांसकट.

आणि आता मैत्रिणीकडे जायचं कसं. कुंदा नेऊ नकोस.

आधी स्पर्धा घेणाऱ्यांना पत्र लिही की कथेतल्या कल्पना दोघींच्या आहेत, दुसरं नाव छापा. छापतील किंवा नाही, तू लिही. नावाचं महत्त्व आपल्या बेळगावला नवीन नाही. इंदिरा संतांच्या कविता पहिल्यांदा पुस्तकात आल्या त्या 1940 साली 'सहवास'मध्ये, त्यांच्या आणि ना. मा. संतांच्या मिळून. ते नवराबायको होते, एका घरात राहत होते, तरी पुस्तक दोघांच्या नावावर निघालं. मग पाचशे रुपये पाकिटात घाल. ती घेणार नाही, तरी घाल.

त्या पाकिटात एक चिठ्ठी हवी, आणि ती कन्नडात हवी. तुला शाळेत कन्नड होतं, कागुणित, म्हणजे कन्नड बाराखडी, येतं, तेवढं पुरे. फोनवर टाइप करू नकोस, हाताने लिही. चिठ्ठीत "तप्पायितु" लिहू नकोस. तप्पायितु म्हणजे चूक झाली, जशी काही ती आपोआप झाली. "नानु तप्पु माडिदे" असं लिही. मी चूक केली. पुढे कोणती चूक ते लिही: पत्रं ताण्यावर वाळत घालायची कल्पना तुझी होती आणि मी माझं नाव लावलं. त्याच्यापुढे कारण लिहू नकोस. नंबर येईल असं वाटलं नव्हतं, हे तर नकोच. नंबर आला नसता तरी ती कल्पना तिचीच असती.

चित्रं परत मागू नकोस. वहीतल्या खिडक्यांना मागून कागदही चिकटवू नकोस. वही तशीच तिच्याकडे दे, पेन्सिलीच्या खुणांसकट, आणि परत ये. ती वर्षभर बोलली नाही तर वर्षभर थांब. तिला न बोलण्याचा हक्क आहे, मी तो चार वर्षं वापरला.

कन्नड लिहिताना अडलीस तर चिठ्ठी आधी मला पाठव. शुद्धलेखन मी सुधारणार नाही, चुकांसकटच जाऊ दे. कळतंय की नाही, एवढंच सांगेन.