नव्या ॲल्युमिनियम फिशिंग बोटीला कोणता प्रॉपेलर घ्यावा?

तुमची बोट सोळा फुटी, नवी, ॲल्युमिनियमची. ५० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड आणि त्यावर १३ पिचचा (म्हणजे अजिबात न घसरता एका फेऱ्यात १३ इंच पुढे जाईल असा) तीन पात्यांचा ॲल्युमिनियम प्रॉपेलर. एकटे असलात की फुल थ्रॉटलला (थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर) ५४०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतात, तिघं बसलात की ४८००, आणि बोटीचं नाक बराच वेळ खाली येत नाही. स्टेनलेसचा घेऊ की चार पात्यांचा, असं तुम्ही विचारलंय.

सध्या दोन्ही नको. आधी पिच कमी करा. तीनच पात्यांचा, ॲल्युमिनियमचाच, पण ११ पिचचा पंखा लावून बघा.

तुमच्या मॅन्युअलप्रमाणे फुल थ्रॉटलची मर्यादा ५००० ते ६००० आहे. नेहमीचं वजन बोटीत असताना इंजिन या पट्ट्यात, शक्यतो वरच्या अर्ध्या भागाच्या जवळ पोहोचलं पाहिजे. प्रॉपेलर निवडताना मी सगळ्यात आधी हाच आकडा बघतो. पात्यांची संख्या, धातू, ब्रँड हे सगळं त्यानंतर. ४८०० वर अडकलेलं इंजिन म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारी गाडी. थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन भरपूर जातंय, पण फेरे वाढत नाहीत. सिलिंडरमधला दाब आणि उष्णता वाढते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके) होऊ शकतं, आणि रोज असंच चालवलं तर पिस्टनला मार बसतो. उलट पिच फारच कमी केला तर इंजिन मर्यादेबाहेर पळतं आणि लिमिटर त्याला मागे खेचतो. तेही नको.

पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. १३ वरून ११ वर आलात तर तिघांसह ५१०० ते ५२०० आणि एकट्याला ५७०० ते ५८००. दोन्ही वेळा पट्ट्याच्या आत. वरचा वेग थोडा कमी होईल, पण बोट लवकर पाण्यावर चढेल (पाणी ढकलत न जाता त्याच्यावरून धावेल), आणि ट्रोलिंग करताना (हळू चालत मागे गळ ओढताना) आयडलला आणखी हळू चालेल. मासेमारीच्या बोटीला हा सौदा फायद्याचाच आहे. हलक्या ॲल्युमिनियम बोटीत दोन माणसांचं वजन म्हणजे मोठा फरक असतो, म्हणून चाचणी एकट्यानं करून पंखा ठरवू नका.

मात्र पैसे घालण्याआधी काही गोष्टी तपासा. टॅकोमीटरच्या (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरच्या) मागे इंजिनाच्या अल्टरनेटरमधल्या चुंबकी पोलच्या संख्येची सेटिंग असते. ती चुकीची असेल तर वर लिहिलेला एकही आकडा खरा नाही. मग इंजिनाची उंची. पंख्याच्या वर जी आडवी प्लेट असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा जेमतेम इंचभर वर असावी. इंजिन फार खाली असेल तर पाण्याचा ओढा वाढून आरपीएम पडतात. फार वर असेल तर वळताना पंखा हवा ओढतो, फेरे एकदम वाढतात आणि बोट मात्र ढिली पडते. नाक वर राहण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे बॅटऱ्या, इंधनाची टाकी आणि माणसं सगळी मागेच असणं. एक बॅटरी पुढे हलवून बघा. आणि निघताना ट्रिम (इंजिनाचा कल) पूर्ण आत, म्हणजे बोटीकडे घ्या.

चाचणी रनिंग-इनचे तास संपल्यावरच करा, नव्या इंजिनाला त्याआधी फुल थ्रॉटलवर धरून ठेवू नये. पाणी शांत हवं, टाकी अर्धी, लाइव्हवेल (जिवंत मासे ठेवायची टाकी) भरलेला, माणसं आणि सामान नेहमीइतकं. बोट धावायला लागली की ट्रिम हळूहळू बाहेर काढा. पंखा हवा ओढायला लागला की किंचित परत आत. तिथला आरपीएम आणि जीपीएसचा वेग लिहून घ्या, मग उलट दिशेनं तेच करा आणि सरासरी काढा.

त्यावरून स्लिपही कळते, म्हणजे पिचच्या हिशेबानं जो वेग यायला हवा त्यापेक्षा खरा वेग किती टक्के कमी आहे ते. समजा गिअर रेशो २:१ आहे. ५४०० आरपीएमला पंखा मिनिटाला २७०० फेरे घेतो. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला ८९१ मीटर, ताशी साडेत्रेपन्न किलोमीटर. जीपीएस ४५ दाखवत असेल तर स्लिप १६ टक्के झाली. अशा बोटीला १० ते २० टक्के ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर इंजिनाची उंची किंवा वाकलेलं पातं बघा. पिच बदलून ती अडचण सुटणार नाही.

११ लावूनही तिघांसह नाक वर राहिलं, किंवा वेग जरा कमी केला की बोट परत पाण्यात बसत असेल, तर चार पात्यांचा विचार करा. तो मागची बाजू उचलून धरतो आणि वळणावर पकड सोडत नाही. पण त्याच पिचला ५० ते १०० आरपीएम खातो, म्हणून तो १० पिचचा घ्यावा लागेल. स्टेनलेसची पाती पातळ आणि ताठ असतात, वेग थोडा जास्त मिळतो. पण तुम्ही उथळ, खडकाळ पाण्यात जाता. तिथे ॲल्युमिनियमचं पातं वाकून धक्का सोसतं आणि ते दुरुस्तही होतं. स्टेनलेस तो धक्का पुढे हबकडे (पंख्याच्या मधल्या भागाकडे) आणि गिअरकडे पाठवतं.

बदलताना किल्ली काढा, सेफ्टी कॉर्ड काढा, गिअर न्यूट्रलला. पातं आणि वरची प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवा. आतला थ्रस्ट वॉशर कोणत्या बाजूनं बसलाय ते आधी नीट बघा, तो उलटा बसला किंवा राहून गेला तर पंखा गिअरकेसला (इंजिनाच्या खालच्या गिअरच्या पेटीला) घासतो. शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस लावा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कलाच आवळा, कॉटर पिन नवी घाला. जुना १३ चा पंखा विकू नका. तो, एक नट, पिन, पाना आणि तो ठोकळा बोटीतच ठेवा.

पंखा काढलाच आहे तर शाफ्टभोवती गळाची दोरी गुंडाळली गेलीय का बघा. बारीक मोनोफिलामेंट (एकपदरी नायलॉनची दोरी) शाफ्टच्या सीलमध्ये शिरून तो कापतं, पाणी गिअरकेसमध्ये जातं आणि तेल दुधासारखं दिसायला लागतं. दर चार-पाच फेऱ्यांनंतर एवढी तपासणी कराच.