रजिस्टर रद्दीत देऊ नका : वाचकांचे प्रश्न

प्राण्यांच्या नमुन्यांच्या जुन्या संग्रहांचं आणि त्यांच्या कागदपत्रांचं काय करायचं, हे विचारणारी पत्रं पुणे आणि आसपासहून सतत येतात. घोळ बहुतेक तोच असतो, म्हणून काहींना इथेच उत्तर देतो.

पणजोबांनी मारलेल्या बिबट्याचं कातडं माळ्यावर आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनं असलं की विकता येतं ना? (सदाशिव पेठ)

नाही. शंभर वर्षांची अट पुरावस्तूंच्या कायद्यातली, तिचा इथे संबंध नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ही विक्री गुन्हा आहे. या कायद्याखाली घेतलेलं मालकीचं प्रमाणपत्र घरात आहे का, शोधा. सापडलं नाही तर वकिलाशी बोलून वनविभागाकडे जा, आणि याच आठवड्यात जा. कातडं झटकू नका. त्या काळी ते टिकवायला आर्सेनिकचा साबण चोळत, आणि ते विष अजून त्यात असू शकतं.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी फक्त इंग्रजांनी काढली का? (औंध)

नाही. सप्टेंबर १८८३ मध्ये जमलेल्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते.

वडिलांच्या पक्षिनिरीक्षणाच्या वह्या आहेत. दुकानदार म्हणतो, लॅमिनेशन करा, आयुष्यभराची गॅरंटी. (कोथरूड)

ही गॅरंटी प्लॅस्टिकची, वह्यांची नव्हे. तापवून चिकटवलेलं प्लॅस्टिक सहजी निघत नाही आणि कागद आतल्या आत पिवळा, ठिसूळ होत राहतो. सेलोटेपही लावू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी, आडव्या ठेवा. पानं सुटत असतील तर कागद-संवर्धकाला दाखवा.

कॉलेजचं प्राणिशास्त्राचं म्युझियम दुसऱ्या इमारतीत हलवायचंय. नमुने ठेवणार आहोत. वाळवी लागलेली रजिस्टरं आणि जुन्या वह्या स्कॅन करून रद्दीत दिल्या तर चालेल? (शिवाजीनगर)

चालणार नाही. बरणीवर नुसता आकडा असतो. बेडूक कुठल्या ओढ्यात, कोणत्या महिन्यात, कुणाला सापडला, हे त्या आकड्यापुढे रजिस्टरात लिहिलेलं असतं. रजिस्टर गेलं की कपाटात उरतो तो फक्त एक बेडूक.

रानपिंगळ्याचंच बघा. १८७३ मध्ये ह्यूम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने या छोट्या घुबडाचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं, पण १८८४ नंतर त्याची खात्रीची नोंद नव्हती. मधे एक कातडं, म्हणजे पेंढा भरून ठेवलेला पक्षी होता, कर्नल माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षिसंग्राहकाने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं सांगणारं. अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुनी कातडी आणि नोंदी ताडून पाहिल्या तेव्हा उघड झालं की ते चोरीचं होतं. खानदेशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसनने जमवलेलं कातडं कर्नलने उचललं, पुन्हा भरलं आणि त्याला खोटी चिठ्ठी बांधली. ती नोंद बाद केल्यावर शोध जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी! कुणीतरी चिठ्ठ्या आणि वह्या टाकून दिल्या असत्या तर हे ताडून कशाशी बघणार होतात?

स्कॅन जरूर करा, पण मूळ वही ठेवून. खोडून पुन्हा लिहिलेला आकडा, पानामागची पेन्सिल, शाईतला फरक स्कॅनमध्ये नीट कळत नाही. वाळवी लागलेली वही बंद पिशवीत वेगळी ठेवा. हलवताना रजिस्टरं आधी न्या आणि प्रत्येक नमुना आकड्याशी जुळवूनच बाहेर काढा. त्याआधी आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राला लेखी विचारा, आणि वनस्पतींचे नमुने असतील तर आघारकर संशोधन संस्थेला. 'सुट्टीनंतर बघू' म्हणू नका, सुट्टीतच रंगारी आणि रद्दीवाला येतात. एका कॉलेजात मी पोचलो त्याच्या आदल्या दिवशी वह्या किलोच्या भावाने गेल्या होत्या. ते अजून डोक्यातून जात नाही.

पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या कपाटात डांबरगोळ्या पुरतील ना? (हडपसर)

नाही. कीड लागलेला पक्षी पिशवीत बंद करून बाजूला काढा आणि जाणकाराला बोलवा. हातमोजे घालूनच हात लावा.

सापाच्या बरणीतलं पाणी आटलंय. स्पिरिट ओतू का? (निगडी)

थांबा. आत फॉर्मॅलिन होतं की अल्कोहोल, हे कळल्याशिवाय काहीही ओतू नका. तुमच्या रजिस्टरात बघा, लिहिलेलं असेल.